नळीतून अन्न, नळीतून जंतू

भारतीय रुग्णालयांत नाकावाटे जठरात घातलेल्या नळीला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. हे नाव लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील डॉक्टर जॉन आल्फ्रेड राइल यांचे. १९२१ मध्ये त्यांनी वर्णिलेली नळी मात्र जठररस तपासणीसाठी बाहेर काढण्याकरिता होती. नळीने अन्न देण्याचा प्रयोग त्याहून जुना. १७९० च्या सुमारास शल्यविशारद जॉन हंटर यांनी गिळण्याची शक्ती गमावलेल्या रुग्णाला वाम माशाच्या कातडीपासून केलेल्या नळीतून द्रवान्न देऊन जगवले.

उपासमार टळली, पण नवा धोका उभा राहिला. नळीमुळे अन्ननलिका व जठर यांमधील झडप पूर्ण मिटत नाही. अन्नामुळे जठरातील आम्ल सौम्य होते आणि जंतूंना वाव मिळतो. रुग्ण उताणा असेल तर तेच द्रव वर येऊन श्वासनलिकेत उतरते व न्यूमोनिया जडतो.

बार्सिलोना येथील चाचणीचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिम श्वसनावरील ८६ रुग्णांपैकी ४५ अंशांत टेकवून ठेवलेल्या ३९ जणांत ३, तर उताण्या ४७ जणांत १६ जणांना न्यूमोनियाची शंका आली. उताण्या स्थितीत नळीने अन्न घेणाऱ्या २८ जणांत हा आकडा १४ होता. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवली गेली. पुढे ४५ अंशांचा कोन प्रत्यक्षात टिकवणे कठीण असल्याचे दिसले. म्हणून आज ३० ते ४५ अंशांची शिफारस केली जाते.

दुसरा धोका खुद्द अन्नात असतो. भारतात अनेक ठिकाणी हे अन्न स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये वाटून तयार होते. हात, पाणी, मिक्सरचे भांडे, नळीचा सांधा यांपैकी कोठूनही जंतू शिरू शकतात आणि उष्ण हवेत झपाट्याने वाढतात. म्हणूनच असे मिश्रण ताजे असावे, २ तासांहून अधिक काळ टांगून ठेवू नये आणि प्रत्येक वेळी हात धुऊनच नळीला स्पर्श करावा.

आपल्या अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. संसर्ग झाल्यावर उपाय थोडे उरतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये संसर्गप्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती याच पार्श्वभूमीवर. नळीने आहार घेणाऱ्या रुग्णाचे रक्षण आजही उंचावलेली उशाकडची बाजू, धुतलेले हात आणि घड्याळाकडे असलेले परिचारिकेचे लक्ष यांवरच अवलंबून आहे.