एल्बच्या काठावरचे हस्तांदोलन

अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांची युद्धकाळातली मैत्री हिटलरने जुळवली आणि हिटलर संपताच ती उसवली. २२ जून १९४१ रोजी जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसण्यापूर्वी या तिघांमध्ये जवळीक म्हणावी असे काही नव्हतेच. रशियातील यादवीच्या काळात, १९१८ पासून, अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिक आर्खांगेल्स्क व व्लादिवोस्तोक या बंदरांत उतरले होते, याची आठवण मॉस्कोने जपून ठेवली होती. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली तीही १९३३ मध्ये, क्रांती होऊन सोळा वर्षे उलटल्यावर. दुसरीकडे स्टालिनने ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि पुढच्याच महिन्यात पोलंडचा पूर्व भाग गिळला. पोलंडसाठीच युद्धात उतरलेल्या ब्रिटनला हे विसरणे अवघड होते. चर्चिल तर बोल्शेविकांचा जुना, जाहीर वैरी. तरीही जर्मन हल्ल्याच्या दिवशीच संध्याकाळी त्याने रेडिओवरून रशियाला मदतीचे वचन दिले. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, एवढाच हिशेब त्यामागे होता.

या वळणाचे पडसाद मुंबईतही उमटले. भारतीय कम्युनिस्टांच्या लेखी तोवर जे साम्राज्यवादी युद्ध होते, ते आता लोकयुद्ध झाले. जुलै १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या पक्षावरची बंदी उठवली. पुढच्याच महिन्यात ‘चले जाव’ ठरावानंतर काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले. अण्णाभाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ याच काळातला.

मैत्री जुळली तरी हिशेब बरोबरीचे नव्हते. अमेरिकेने लेंड-लीज योजनेखाली सोव्हिएत संघाला सुमारे १,१०० कोटी डॉलरचा माल पाठवला. त्यात सुमारे ४ लाख ट्रक आणि जीपगाड्या होत्या, तसेच विमाने, बूट आणि डबाबंद मांस होते. माल उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रातून, इराणमार्गे आणि व्लादिवोस्तोकच्या बंदरातून जाई. पण स्टालिनची खरी मागणी होती ती पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडण्याची, म्हणजे जर्मनीला तिकडेही सैन्य अडकवून ठेवावे लागेल. ती १९४२ मध्ये उघडेल अशी आशा दाखवली गेली. उघडली ६ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर. मधल्या काळात दोस्तांनी उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत सैन्य उतरवले, तर स्टालिनग्राड आणि कुर्स्कच्या लढाया लाल सेनेने जमिनीवर एकटीने लढल्या. अमेरिकेहून आलेल्या मांसाच्या डब्याला सोव्हिएत सैनिक उपहासाने ‘दुसरी आघाडी’ म्हणत. युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. अमेरिकेची सुमारे ४ लाख. या दोन आकड्यांतले अंतर पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत टेबलावर होते, मग त्याचा उच्चार होवो न होवो.

युद्धानंतरच्या युरोपचे काय करायचे, हा प्रश्न दोस्तांनी जमेल तितका पुढे ढकलला. मात्र ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोला गेलेल्या चर्चिलने एका कागदावर टक्केवारी लिहून स्टालिनपुढे सरकवली. रुमानियात ९० टक्के वर्चस्व रशियाचे, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचे, युगोस्लाव्हिया आणि हंगेरीत निम्मे-निम्मे, बल्गेरियात ७५ टक्के रशियाचे. स्टालिनने त्यावर निळ्या पेन्सिलीने खूण केली. लक्षावधी माणसांचे भवितव्य असे चिठ्ठीवर उरकलेले बरे दिसणार नाही, तेव्हा कागद जाळून टाकावा, असे चर्चिलने सुचवले. स्टालिन म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच. दोन महिन्यांनी ब्रिटिश फौजा अथेन्समध्ये ग्रीक डाव्यांशी लढू लागल्या, तेव्हा स्टालिन गप्प राहिला. त्याच्या दृष्टीने सौदा पाळला गेला होता, आणि आपल्या वाट्याच्या देशांत आपण काय करतो याकडे पश्चिमेनेही असाच काणाडोळा करावा, ही त्याची अपेक्षा त्यातूनच आली. साम्यवादी विचारसरणीचा प्रसार हे शीतयुद्धाचे एकमेव कारण मानणाऱ्यांना हा ग्रीसचा प्रसंग अडचणीचा ठरतो.

त्या चिठ्ठीत पोलंडचे नाव नव्हते, आणि खरी गाठ तिथेच होती. विसाव्या शतकात दोनदा जर्मन सैन्य पोलंडच्या वाटेने रशियावर चालून गेले होते. वॉर्सात आपल्याला अनुकूल सरकार असणे ही स्टालिनला सुरक्षेची किमान अट वाटत होती. ब्रिटनच्या आश्रयाला लंडनमध्ये पोलंडचे एक सरकार होते. स्टालिनने ल्युब्लिनमध्ये दुसरे उभे केले. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा विस्चुला नदीच्या पूर्वेला पोहोचलेली लाल सेना थांबून राहिली आणि मदत टाकणाऱ्या पश्चिमी विमानांना सोव्हिएत तळांवर उतरण्याची परवानगीही कित्येक आठवडे मिळाली नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडमध्ये मुक्त निवडणुका घेण्याचे ठरवले. त्या मसुद्याचे शब्द रबरासारखे कसेही ताणता येतील, असे रूझवेल्टचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लेही यांनी तिथल्या तिथे बजावले होते. रूझवेल्टचे म्हणणे होते, यापेक्षा जास्त पदरात पडणार नाही. त्यात तथ्य होते, कारण तोवर पोलंड लाल सेनेच्या ताब्यात होता. निवडणुका झाल्या त्या जानेवारी १९४७ मध्ये, दडपशाही आणि गैरप्रकारांनी भरलेल्या.

२५ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीत टोर्गाऊजवळ, एल्ब नदीच्या काठी, अमेरिकी आणि सोव्हिएत सैनिक समोरासमोर आले. त्यांनी हात मिळवले, छायाचित्रे काढली. मैत्रीचे हे सर्वांत प्रसिद्ध चित्र. पण दोन्ही सैन्यांच्या मध्ये आता शत्रू उरला नव्हता. रूझवेल्ट तेरा दिवसांपूर्वी वारला होता. नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी २३ एप्रिललाच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांना पोलंडवरून खडे बोल सुनावले होते. मे महिन्यात लेंड-लीजचा पुरवठा एकाएकी तोडला गेला. समुद्रात निघालेली जहाजेही परत बोलावली गेली. तो हुकूम लगेच सौम्य केला गेला, पण मॉस्कोत जायचा तो अर्थ गेला होता.

पॉट्सडॅमची परिषद १७ जुलैला सुरू झाली, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील पहिल्या अणुचाचणीच्या दुसऱ्या दिवशी. २४ जुलैला ट्रुमन यांनी आपल्याकडे विलक्षण संहारक असे नवे अस्त्र असल्याचे स्टालिनला सहज बोलता बोलता सांगितले. स्टालिनने फारसे कुतूहल दाखवले नाही. दाखवण्याचे कारणही नव्हते. क्लाउस फुक्ससारख्या हेरांकडून त्याला या प्रकल्पाची माहिती आधीच मिळत होती. मित्राने चार वर्षे लपवलेली गोष्ट मित्राच्याच घरात हेर ठेवून कळावी, यातच त्या मैत्रीची जात दिसते.

यानंतर घटना भराभर घडल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी वकिलातीतून जॉर्ज केनन याने वॉशिंग्टनला एक लांबलचक तार पाठवली. सोव्हिएत सत्ता असुरक्षिततेने पछाडलेली आहे, ती समजुतीला बधणार नाही, पण ताकदीपुढे मागे हटेल, असा तिचा आशय. मार्चमध्ये चर्चिलने मिसुरीतील फुल्टन येथे ‘पोलादी पडद्या’चे भाषण केले. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत राजदूत नोविकोव्ह याने वॉशिंग्टनहून मॉस्कोला जे टिपण पाठवले, त्यात अमेरिका जगावर वर्चस्व मिळवू पाहत असल्याचा निष्कर्ष होता. दोन राजनैतिक अधिकारी, दोन राजधान्या, आणि एकमेकांच्या भीतीला डावपेच समजण्याची एकच रीत. विचारसरणीचा वाटा इथे मोठा होता. तिने समोरच्याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ आधीच ठरवून टाकला होता.

मधल्या काळात ब्रिटन खचला. २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत भारत सोडण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकिलातीने कळवले की ग्रीस आणि तुर्कस्तानला द्यायच्या मदतीचा खर्चही आता झेपणार नाही. एका साम्राज्याची ही आवराआवर होती. त्यातला एक धागा दिल्लीकडे गेला, दुसरा शीतयुद्धाकडे. १२ मार्चला ट्रुमन यांनी या दोन देशांसाठी अमेरिकी काँग्रेसकडे ४० कोटी डॉलर मागितले आणि त्याला जगभरच्या स्वतंत्र राष्ट्रांच्या रक्षणाचे रूप दिले. ‘सुपरपॉवर’ हा शब्द अभ्यासक विल्यम फॉक्स याने १९४४ मध्ये रूढ केला, तेव्हा त्याने तीन महासत्ता मोजल्या होत्या. आता दोनच उरल्या.

जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपच्या पुनर्उभारणीची योजना मांडली. मोलोतोव्ह पॅरिसला चर्चेसाठी आले, पण अमेरिकी पैशाबरोबर अमेरिकी हिशेबतपासनीसही येणार हे दिसताच निघून गेले, आणि पूर्व युरोपच्या देशांनाही त्यांनी मागे खेचले. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. जूनमध्ये पाश्चात्त्यांच्या ताब्यातील पश्चिम जर्मनीत नवे चलन आले आणि सोव्हिएत सैन्याने, आपल्या ताब्यातील मुलखाने वेढलेल्या बर्लिनच्या पश्चिम भागाची जमिनीवरची वाट बंद केली. २० लाखांहून अधिक लोकांच्या पश्चिम बर्लिनला पीठ आणि कोळसा विमानांतून पुरवला गेला. मे १९४९ मध्ये नाकेबंदी उठली. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बाँब टाकले, त्याच शहराला जगवण्यासाठी त्याच देशांचे वैमानिक रात्रंदिवस उडत होते. एप्रिल १९४९ मध्ये नाटो स्थापन झाली, २९ ऑगस्टला सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली, ऑक्टोबरपर्यंत जर्मनीची दोन राज्ये झाली. नाटोसमोर उभा राहिलेला सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार मात्र १९५५ चा.

पॉट्सडॅमने पुढे ढकललेला जर्मनीबरोबरचा अंतिम करार १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत झाला. युद्धानंतर बर्लिनमध्ये तळ ठोकलेल्या चारही देशांच्या सैन्यांनी १९९४ मध्ये ते शहर सोडले. रशियनांना निरोप ३१ ऑगस्टला देण्यात आला. अमेरिकी, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांना ८ सप्टेंबरला, वेगळ्या समारंभात.