लाटेवरचे नवखे आणि विहिरीचा काठ

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आमच्या तीर्थपुरीत 'सागर' हे नाव मिरवले ते एका सहकारी साखर कारखान्याने. अशा गावाचा संदर्भ घेऊन फळीवर उभे राहून लाट पेलण्याच्या कलेविषयी, म्हणजे सर्फिंगविषयी लिहावे, यात थोडा विनोद आहे. परंतु प्रवासवर्णन शिकवताना आम्ही तीन इंग्रजी लेखकांची 'पहिली बुडी' शेजारी ठेवून वाचली, आणि वाङ्मयप्रकाराचा प्रश्न बाजूला राहून दुसराच प्रश्न वर आला: पाण्यात उतरायला शिकतो कोण, आणि शिकू दिले जाते कोणाला?

मार्क ट्वेन १८६६ साली हवाई बेटांवर गेला. तेथील लोकांना लाटांवर सहज सरकताना पाहून त्याने स्वतः प्रयत्न केला. फळी किनाऱ्याला लागली, स्वार मात्र तळाशी गेला. १८७२ च्या 'रफिंग इट'मध्ये त्याने ही फजिती मोठ्या रंगतीने सांगितली, आणि मूळ रहिवाशांखेरीज ही विद्या कोणाला साधणार नाही, असा निर्वाळा देऊन टाकला. वरवर ही स्तुती आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले ज्ञान तिने जन्मजात गुण ठरवले. जे रक्तात आहे ते शिकवणारा गुरू मग कशाला लागतो?

जॅक लंडनने १९०७ मध्ये वाईकिकीला हा निर्वाळा खोटा ठरवला. त्याला धडे दिले अलेक्झांडर ह्यूम फोर्ड या मुख्य भूमीवरून आलेल्या, स्वतः नुकत्याच शिकलेल्या गोऱ्या गृहस्थाने. जॉर्ज फ्रीथ हा हवाईयन वंशाचा वारसा असलेला तरुण त्याने लाटेवर ताठ उभा पाहिला. उन्हात कातडी इतकी भाजली की दुसऱ्या दिवशी लंडन अंथरुणाला खिळला, आणि तशा अवस्थेत त्याने लेख लिहिला. तो लेख लोकप्रिय झाला. मात्र त्यामागचा काळ लेखात नाही. १८२० मध्ये मिशनरी आले, त्यांना उघड्या अंगाची ही क्रीडा रुचली नाही. परकीय रोगांनी लोकसंख्या खंगली. १८९३ मध्ये राणीचे राज्य उलथवले गेले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने गिळली. फोर्डने १९०८ मध्ये स्थापलेला 'आउटरिगर कॅनो क्लब' मुख्यतः गोऱ्यांचा राहिला. ड्यूक कहानामोकू आणि त्याच्या सोबत्यांनी १९११ मध्ये 'हुई नालू' हे स्वतःचे मंडळ उभे केले. पूर्वीचे हवाई तरी समतेचे होते असे मात्र समजू नये. तेथेही लांब 'ओलो' फळी सरदारांकरिता राखीव असे.

अगाथा ख्रिस्ती १९२२ च्या जगप्रवासात प्रथम दक्षिण आफ्रिकेतील म्यूझनबर्गला लाटांच्या नादी लागली. पुढे होनोलुलूला जड फळ्या, पाय कापणारे प्रवाळ, भाजलेली पाठ आणि लाटांनी फाडलेला रेशमी पोशाख एवढे सोसून ती अखेर फळीवर उभी राहिली. १९७७ च्या तिच्या आत्मचरित्रातील ती पाने आम्हांला तिच्या कित्येक रहस्यकथांहून अधिक प्रसन्न वाटतात. एवढे मात्र आठवते की म्यूझनबर्गचा तोच किनारा पुढे वर्णभेदी राजवटीत फक्त गोऱ्यांसाठी राखला गेला. १९५३ च्या कायद्याने अशा वाटणीला कायद्याचे कवच दिले.

येथे आम्हांला विहीर आठवते. मराठवाड्यातला नवखा पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून, कमरेला कासरा लावून विहिरीत ढकलला जाई. सूर मारणे आणि मुटका मारणे नंतरचे. नाकातोंडात पाणी जाण्याचा अनुभव ट्वेनचा आणि त्याचा एकच. पण विहीर कोणाची, यावर कोण पोहायला शिकणार हे ठरत असे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात संमत झाला. तो अंमलात येत नाही म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. आपला भाग तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो ठराव येथे लागूच नव्हता. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी जेथे झगडा, तेथे खेळण्याच्या पाण्याची आठवण कोणी लिहून ठेवावी? मराठीत पोहायला शिकल्याच्या रम्य आठवणी पुष्कळ आहेत. त्या वाचताना विहिरीच्या काठावर कोण थांबले होते, हे विद्यार्थ्यांनी विचारावे, असे आम्ही सुचवतो.

वाईकिकीला पाहुण्यांना शिकवणारे हवाईयन तरुण 'बीच बॉय' या सरसकट नावाने इतिहासात शिरले. ड्यूकचे नाव राहिले ते १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमधील सुवर्णपदकामुळे. विहिरीवर कासरा धरून उभा राहणारा गडी तर त्या सरसकट नावालाही मुकला.

१९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी घनसावंगी तालुक्यात खेळू लागले. आवर्तन सुटले की मुले त्यात उड्या घेतात. तो कोणाच्या मालकीच्या वावरात नाही. वाहते पाणी विहिरीहून फसवे, म्हणून थोरले धाकट्यांना काठाशी धरून ठेवतात. मुली त्यात क्वचितच दिसतात.