रोड गावातली कुजबुज

सोमवारची सकाळ, २ जुलै १८६०. तुम्ही रोड हिल हाउसच्या वरच्या मजल्यावर, अडगळीच्या खोलीत उभे आहात. सारा कॉक्स ही मोलकरीण आठवड्याचं धुणं टोपल्यांत भरते आहे. एकेक कपडा घ्यायचा, यादीत मांडायचा, टोपलीत टाकायचा. दोन दिवसांपूर्वी या घरात खून झालाय. पण आज सोमवार, धोबिणीकडे कपडे जायलाच हवेत.

दारात एक मुलगी येते. सोळा वर्षांची कॉन्स्टन्स, घरातली तिसरी मुलगी. माझ्या परकराच्या खिशात पैशांचा बटवा राहिलाय का बघ, म्हणते. कॉक्स चाचपून पाहते. बटवा नाही. मग मुलगी म्हणते, खालून मला पेलाभर पाणी आणून दे. कॉक्स निघते आणि तिच्यामागोमाग तुम्हीही जिना उतरता, कारण त्या मुलीवर नजर ठेवावी असं अजून तुमच्या मनातही आलेलं नाही. मिनिटभरात दोघं परत येता. मुलगी होती तिथंच उभी आहे. पाणी पिते आणि जाते.

टोपल्या धोबिणीकडे पोहोचतात तेव्हा यादीतला एक कपडा कमी भरतो: कॉन्स्टन्सचा रात्री घालायचा झगा. झगा आम्ही पाठवला होता, असं घरचे सांगतात. टोपलीत नव्हताच, असं धोबीण मिसेस होली शपथेवर सांगते. पोलीस झडती कुणाची घेतात? धोबिणीच्या घराची.

ते एक मिनिट लक्षात ठेवा आणि आता गावात उतरा.

रोड हे इंग्लंडच्या नैऋत्येला, सॉमरसेट आणि विल्टशर या दोन परगण्यांच्या सीमेवरचं गाव. आसपास लोकरीच्या कापडाच्या गिरण्या, खालून वाहणारी फ्रोम नदी. आज टेम्परन्स हॉलच्या दाराशी पाय ठेवायला जागा नाही. कॉरोनरची चौकशी खरं तर रेड लायन या सराईत बसायची होती, पण तिथं माणसं मावेनात. सगळ्यांना एकच ऐकायचंय. शुक्रवारी रात्री घराला कड्या लागल्या. आत बारा माणसं झोपली. शनिवारी सकाळी सॅव्हिल हा चार वर्षांचाही न झालेला मुलगा बिछान्यात नव्हता. दिवाणखान्याची खिडकी थोडी उघडी होती. बागेतल्या, नोकरांच्या संडासाच्या खड्ड्यात तो घोंगडीत गुंडाळलेला सापडला, गळा चिरलेला. बाहेरून कुणी घर फोडल्याची खूण नाही. म्हणजे घरातलंच कुणीतरी.

गर्दीत कान द्या. घराचा मालक सॅम्युअल केंट हा सरकारी कारखाना निरीक्षक, आणि गावाला तो डोळ्यांसमोर नको आहे. नदीतली मासेमारी त्यानं बंद केली. शेजारच्या खोपटांतून आपलं घर दिसू नये म्हणून कुंपण घातलं. त्याची पोरं रस्त्यात दिसली की गावची पोरं हुर्यो करतात. हा राग आज तोंडातून बाहेर पडतोय, फक्त त्याचं कारण बदललंय. ऐका: आताची मिसेस केंट आधी याच कुटुंबात मुलींना शिकवायला होती, गव्हर्नेस. पहिली बायको जिवंत असतानाच घराच्या किल्ल्या हिच्या कमरेला आल्या. पहिलीला वेड लागलंय म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलेलं. १८५२ साली ती गेली आणि पुढच्याच वर्षी यांचं लग्न. आता घरात नवी तरुण आया आहे, एलिझाबेथ गफ, बावीस वर्षांची. पोर तिच्याच खोलीत झोपायचं. मालक रात्री आयाकडे गेला असेल, पोराला जाग आली असेल, पोरानं नको ते पाहिलं असेल...

वाक्य पुरं करायची गरज नसते. समोरचा मान हलवतो आणि पुढच्या घोळक्यात पुरं वाक्य घेऊन जातो.

इथं मला थांबून सांगावंसं वाटतं, कारण या प्रकरणाची गाठ इथंच आहे. गाव बोलत होतं त्यातला अर्धा भाग खरा होता. गव्हर्नेस मालकीण झाली होती, हे खरं. पहिल्या बायकोच्या हातून तिचं घर तिच्या देखत गेलं, हे खरं. ते गुपित घरच्यांनी झाकलं आणि गावानं उकरलं. पण हे खरं गुपित एका खोट्या आरोपाला जामीन राहिलं. बाप एकदा असं वागला, तर पुन्हा वागला असणार. इतक्या तर्कावर गावानं बापाला आणि आयाला खुनी ठरवलं. त्याच गुपितानं घरातल्या आणखी कुणाच्या मनात काय पेरलं असेल, हा प्रश्न त्या दारात कुणी विचारला नाही.

केंटनं स्वतःही संशयाला खतपाणी घातलं. शनिवारी सकाळी ट्रोब्रिजच्या पोलिसांकडे घोडागाडी हाकताना वाटेतल्या नाक्यावर तो म्हणाला, पोराला घोंगडीत गुंडाळून पळवलंय. पोरगं अजून सापडलेलं नव्हतं. मग याला घोंगडीचं कुठून कळलं? गावानं हे वाक्य झेललं आणि पुन्हा खाली ठेवलं नाही.

आता दोन रात्री मागे जा, शनिवारच्या रात्री. स्वयंपाकघरात अंधार आहे. संध्याकाळी एका शिपायाला बंबाच्या चुलीत कोंबलेला बायकी आतला झगा सापडलाय. त्यावर रक्त आहे. सुपरिंटेंडंट फोली तो पाहतो आणि संकोचतो. हे बायकांचं महिन्याचं असणार, असं त्याचं मत होतं. पुरावा हातात घेण्याची त्याला लाज वाटते. झगा तो होता तिथंच परत ठेवायला लावतो आणि न्यायला कोण येतं ते पाहायला दोन शिपायांना स्वयंपाकघरात बसवतो. रात्री अकराच्या सुमाराला खुद्द केंट त्यांना आत घेतो आणि बाहेरून कडी घालतो. खून झालेल्या घरात, पहिल्याच रात्री, पोलीस कोंडलेले! त्यांतल्या एकाला बाहेर पडायचं असतं तेव्हा हे ध्यानात येतं, आणि दार उघडलं जातं ते अडीचच्या सुमाराला. सकाळी झगा तिथं नसतो. यानंतर फोलीनं काय करावं? त्यानं ही गोष्ट दाबली. कित्येक महिने ना न्यायाधीशांना सांगितली, ना लंडनहून आलेल्या तपासनिसाला. घराची अब्रू झाकण्यात केंट आणि स्वतःची झाकण्यात फोली. दोघांमध्ये त्या पोराचं कुणी राहिलं नाही.

पण बायकांच्या अब्रूचा हा संकोच सगळ्या बायकांसाठी नव्हता. शव सापडलं त्या खड्ड्यात फ्लॅनेलचा एक तुकडा मिळाला होता, छातीशी बांधायचा. पोलिसांनी एका शिपायाच्या बायकोला, एलायझा डॅलिमोरला, तो देऊन मोलकरणींवर लावून पाहायला सांगितलं. तुम्ही त्या खोलीत नसावं हेच बरं, तरी बघा. कपडे उतरवायला लावलेल्या बायका, आणि एका चिंधीचं माप. ती गफला बसली. डॅलिमोरबाईनं ते जाऊन सांगितलं. ती चिंधी डॅलिमोरबाईला स्वतःलाही बसत होती, ही गोष्ट मात्र पुढे कोर्टात उलटतपासणीत निघाली. मालकाच्या मुलींवर ते फ्लॅनेल लावून पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

१५ जुलैला लंडनहून जॅक विचर येतो. माळ्याचा मुलगा. १८४२ साली स्कॉटलंड यार्डनं गुप्त पोलिसांची पहिली तुकडी उभी केली, तिच्यातला. त्याच्याबरोबर चाला, कारण या गावात कानानं न ऐकता डोळ्यांनी पाहणारा हा पहिला माणूस आहे. तो धुण्याची यादी मागवतो. कॉक्सला पाण्याच्या पेल्याविषयी विचारतो. तुम्ही जे मिनिट हुकवलंत ते त्याला तिच्या जबाबात सापडतं. त्याचा तर्क असा: रक्तानं भरलेला झगा नष्ट केला, तर तिच्या तीन झग्यांऐवजी दोनच उरणार आणि ते उघडकीला येणार. म्हणून एक स्वच्छ झगा यादीत लिहू द्यायचा, कॉक्सला खाली पाठवून तो टोपलीतून काढून घ्यायचा, आणि हरवल्याचा ठपका धोबिणीवर जाऊ द्यायचा.

मग तो चार वर्षं मागची एक हकीकत उकरतो. १८५६ साली बारा वर्षांची कॉन्स्टन्स आणि तिचा धाकटा भाऊ विल्यम घरातून पळाले होते. जहाजावर पोऱ्या म्हणून जायचं म्हणून तिनं मुलाचे कपडे घातले, केस कापले, आणि पायी बाथ शहर गाठलं. तिथं दोघं पकडले गेले. कापलेले केस आणि उतरवलेले कपडे तिनं कुठं टाकले होते? बागेतल्या त्याच संडासात. चार वर्षांनी त्याच जागी तिचा सावत्र भाऊ सापडला.

विचर तिला २० जुलैला अटक करतो. आणि २७ तारखेला तुम्ही पुन्हा टेम्परन्स हॉलमध्ये आहात. झगा सापडलेला नाही, हत्यार सापडलेलं नाही, शाळेतल्या मैत्रिणींना फार काही सांगता येत नाही. वकील एडलिन उठतो आणि एका कोवळ्या, खानदानी मुलीवर हात टाकणाऱ्या पोलिसाला फाडून काढतो. मुलगी सुटते, सभागृह जल्लोष करतं. तुमच्या बाजूला तेच चेहरे आहेत, पंचवीस दिवसांपूर्वी केंटच्या घराविषयी वाटेल ते बोलणारे. त्यांचा केंटवरचा राग गेलेला नाही. पण बापावरचा संशय त्यांना गोड लागतो, मुलीवरचा लागत नाही. विचर मान खाली घालून लंडनला जातो. वर्तमानपत्रं त्याला सोडत नाहीत. १८६४ मध्ये तब्येत ढासळून तो नोकरीतून निवृत्त होतो.

शरद ऋतूत पाळी गफची. ट्रोब्रिजला तिला उभं करतात. चार दिवस साक्षी होतात, ते फ्लॅनेल पुन्हा निघतं, आणि पुराव्याअभावी ती सुटते. सुटते म्हणजे कोर्टातून. चार्ल्स डिकन्ससारखा माणूसही बाप आणि आया यांनाच दोषी मानत होता, तर साध्या माणसाची काय कथा. देशभरातून लोक गृहमंत्र्यांना आणि यार्डाला आपापले तर्क लिहून कळवत होते. रोडच्या दाराशी अर्धवट सोडलेलं ते वाक्य आता सगळा देश पुरं करत होता. गफसारख्या बेकरीवाल्याच्या मुलीनं त्यानंतर कुणाच्या घरी आयाची नोकरी मागायची कशी? मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त राग येतो तो इथं.

२५ एप्रिल १८६५. लंडन, बो स्ट्रीटचं न्यायालय. काळ्या कपड्यांतली एकवीस वर्षांची कॉन्स्टन्स येते आणि सांगते: खून मी केला, एकटीनं, कुणाच्या मदतीशिवाय. ती ब्रायटनच्या एका धार्मिक आश्रमात राहत होती. तिथल्या पाद्र्यापाशी तिनं आधी कबुली दिली होती. बापाच्या कपाटातला वस्तरा, खिडकी, बाग, सगळं ती सांगते. २१ जुलैला सॉल्सबरीत तिला फाशीची शिक्षा होते. सुनावताना न्यायमूर्ती विल्स यांचे डोळे भरून येतात. पुढे फाशीची जन्मठेप होते आणि वीस वर्षं भोगून ती १८८५ मध्ये सुटते. विचर त्याआधी चार वर्षं वारलेला असतो.

कुजबुज तेव्हाही थांबली नाही. मुलीनं बापाला वाचवायला खोटी कबुली दिली, असं मानणारे होतेच. विल्यमनं बहिणीला मदत केली असेल का, ही शंका आजही अभ्यासक घेतात. तो पुढे समुद्री जीवांचा नामवंत शास्त्रज्ञ झाला, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर त्यानं ग्रंथ लिहिला. कॉन्स्टन्सही नाव बदलून ऑस्ट्रेलियातच गेली, परिचारिका झाली, तिथल्या रुग्णालयांत आणि संस्थांत तिनं पुढचं आयुष्य काढलं आणि १९४४ साली शंभर वर्षं पूर्ण करून गेली. 

सुटल्यानंतर एकदाच, बहुधा, ती या प्रकरणाविषयी बोलली. १९२८ साली जॉन ऱ्होड यांनी या खटल्यावर पुस्तक काढलं. दुसऱ्या वर्षी सिडनीहून त्यांच्या प्रकाशकाकडे एक निनावी लांबलचक पत्र आलं, कॉन्स्टन्सच्या बालपणाचे इतके बारकावे देणारं की ते तिचंच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. खुनाचा नवा उलगडा त्यात नाही. सावत्र आई घरात कशी वागवायची ते आहे. आणि गावानं, बापानं, डॉक्टरांनी, वर्तमानपत्रांनी सत्तर-ऐंशी वर्षं बिनदिक्कत म्हटलेल्या एका गोष्टीला उत्तर आहे: कॉन्स्टन्सची आई वेडी नव्हती.