साबणाचा साचा

पाडव्याला गुढीला बांधायची साखरेची गाठी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. कारागीर लाकडी साच्याच्या खाचांतून दोरा ओढून ठेवतो, वरून घट्ट पाक ओततो आणि पाक निवला की साचा उघडून अख्खी माळ बाहेर काढतो. साच्याची ही विद्या आपल्या घरची आहे. आता ती नव्या कामाला लागली आहे. बचत गटांतल्या बायका, शाळांतली मुलं फुलांच्या नि शंखांच्या आकाराचे घरगुती साबण आणि चॉकलेटं करू लागली आहेत. परवा एका शिक्षक मित्रानं मला विचारलं, "अहो, या नक्षीला काही इतिहास आहे, की नुसती हौस?" त्याला दिलेलं उत्तर तुमच्यापुढे ठेवतो.

साबण म्हणजे चरबी किंवा तेल अधिक खार. रोमन लेखक प्लिनी यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की, गॉल लोक चरबी आणि राख यांपासून 'सापो' नावाचा पदार्थ करतात. तो कशासाठी? तर केस तांबूस करण्यासाठी! धुण्याचं नाव नाही. आपल्याकडे रिठा, शिकेकाई होतीच आणि भांड्यांना राख होती. त्यामुळे साबणावाचून आपलं फारसं अडलं नाही.

आता इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लाकडाच्या राखेतला खार हा पोटॅशचा. त्याचा साबण मऊ, लिबलिबीत होतो. तो मडक्यात भरून ठेवता येतो, साच्यात उभा राहत नाही. वडीसारखा कठीण साबण हवा तर सोड्याचा खार लागतो आणि तो पूर्वी समुद्रकाठच्या वनस्पती जाळून मिळवीत. म्हणजे साबणाला आकार द्यायचा तर आधी सोडा पाहिजे.

भूमध्य समुद्राच्या काठी तो होता आणि जैतुनाचं तेलही होतं. म्हणून फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात हा धंदा वाढला. 1688 साली चौदाव्या लुईच्या सरकारनं हुकूम काढला की, मार्सेयच्या साबणात जैतुनाच्या तेलाखेरीज दुसरी चरबी घालायची नाही. उन्हाळ्यात माल बिघडतो म्हणून त्या महिन्यांत भट्ट्याही बंद ठेवायच्या. तिथं कढईतला साबण मोठ्या उथळ हौदांत ओतून थिजवीत, त्याचे चौकोनी ठोकळे कापीत आणि ठोकळ्यांवर छाप मारीत. पुढे तेलाचं प्रमाण सांगणारा '72 टक्के' हा आकडाही त्यावर उमटू लागला. छाप मारला तो शोभेसाठी नव्हे. आत काय आहे याची ती ग्वाही होती.

इंग्लंडात सरकारचं लक्ष निराळ्या गोष्टीवर होतं. 1712 पासून 1853 पर्यंत तिथं साबणावर कर होता. चोरून साबण उकळू नये म्हणून रात्री कढयांच्या झाकणांना सरकारी अधिकारी कुलपं घालीत! स्वच्छतेवर कर बसवणाऱ्या राज्यात गरिबानं अंग कशानं धुवायचं?

सोडा स्वस्त केला तो निकोलस लब्लां या फ्रेंच वैद्यानं. साध्या मिठापासून सोडा करण्याची कृती त्यानं शोधली, 1791 मध्ये तिचा हक्कही मिळवला. पण पाठोपाठ राज्यक्रांतीचा वणवा आला. त्याचा आश्रयदाता, ऑर्लिअन्सचा सरदार, 1793 मध्ये गिलोटिनखाली गेला आणि कारखाना सरकारजमा झाला. पुढे तो परत मिळाला, पण भांडवल कुठलं? 1806 साली लब्लांनं आत्महत्या केली. त्याच्या कृतीवर युरोपभर कारखाने उभे राहिले, वडीचा साबण घरोघर गेला. वर्गात हा भाग शिकवताना माझा आवाज दर वर्षी जरा खाली येतो.

आपल्याकडचा छाप तर गमतीदारच. मुंबईचे अर्देशिर गोदरेज मूळचे वकील. 1897 पासून कुलपं करणारे. त्यांनी 1918 मध्ये वनस्पती तेलांचा साबण काढला. प्राण्यांच्या चरबीबद्दल हिंदू-मुसलमान दोघांच्याही मनात शंका असे, ती त्यांनी हेरली. साबणाला नाव दिलं 'चावी'. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरं कोणतं नाव शोभणार! वनस्पती तेलाचा हा जगातला पहिलाच साबण, असं कुठं कुठं लिहिलेलं आढळतं. ते मात्र खरं नाही. मार्सेयची हकीकत तुम्ही आत्ताच वाचलीत.

चॉकलेटाची गोष्ट लहान आहे. 1847 साली ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीनं खायची चॉकलेटची वडी केली. त्याआधी चॉकलेट बहुतेक प्यायचंच पेय होतं. कोकोची चरबी नीट थिजली की किंचित आक्रसते, म्हणून वडी साच्यातून अलगद सुटते. पण तीच चरबी सुमारे 34 अंशांना वितळते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपुढे जातो, तेव्हा तुमच्या शंखाचं काय होईल ते सांगायला नको. साखरेची गाठी मात्र उन्हात गुढीवर खुशाल लटकते.

जाता जाता माझीच एक फजिती. खोबरेल तेलाचा साबण मला साधला होता. किलोभर तेलाला सुमारे 180 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. पुढच्या वेळी हाताशी शेंगदाण्याचं तेल होतं, सोडा मी तेवढाच घातला. कमळाच्या साच्यातून वड्या अशा सुरेख निघाल्या की पाहत राहावं! हात धुतले आणि कातडी चरचरली. शेंगदाणा तेलाला सोडा 136 ग्रॅमच्या आसपास पुरतो; उरलेला वडीत तसाच बसला होता. कमळाकडे पाहून ते कळायला मार्ग नव्हता.

तेव्हा गुरुजी, वर्गात हा प्रयोग करायचा तर सोड्याला हात तुम्हीच लावा, मुलांना लावू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे हवेत. प्रत्येक तेलाचं माप निराळं, ते वजनकाट्यावरच घ्या. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. आणि वड्या साच्यातून निघाल्या की चार ते सहा आठवडे फळीवर वाऱ्याला ठेवा. मुलं रोज विचारतील, "झाला का हो साबण?" विचारू द्या.