सोमवारची प्रार्थना : ब्रिटनमधील शाळा, संसद आणि आठवड्याचा ख्रिस्ती आरंभ

ब्रिटनमध्ये नव्याने स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची ख्रिस्ती प्रार्थनेशी पहिली गाठ चर्चमध्ये क्वचितच पडते. बहुधा ती मुलांच्या शाळेत पडते. सोमवारी सकाळी सभागृहात मुले एकत्र जमतात, एखादी बोधकथा सांगितली जाते, गीत होते आणि शेवटी डोळे मिटून प्रार्थना म्हटली जाते. महाराष्ट्रातील शाळांचा ‘परिपाठ’ अनुभवलेल्या पालकांना हे दृश्य परके वाटत नाही. मात्र या देशात त्यामागे कायद्याचे बंधन आहे आणि त्यातून बाहेर राहण्याचा अधिकारही कायद्यानेच दिला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

आठवड्याचा पहिला दिवस कोणता?

ख्रिस्ती परंपरेत आठवडा रविवारी सुरू होतो. येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, अशी श्रद्धा असल्याने तो ‘प्रभूचा दिवस’ ठरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२१ मध्ये त्या दिवशी न्यायालये व शहरांतील व्यवसाय बंद ठेवण्याचा आदेश काढला. व्यवहारात आज आठवडा सोमवारपासून मोजला जातो, आंतरराष्ट्रीय मानकही तेच सांगते. तरी रविवारचे वेगळेपण ब्रिटिश कायद्यात टिकून आहे. १९९४ च्या कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समधील २८० चौरस मीटरहून मोठी दुकाने रविवारी सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत जास्तीत जास्त सहा तासच उघडी राहू शकतात.

रविवारच्या सुट्टीचा मराठी इतिहास वेगळ्या वाटेने गेला. मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुट्टी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे. साहेबाच्या उपासनेचा दिवस असा कामगारांच्या विश्रांतीचा दिवस झाला.

आठवडाभर पुरणारी प्रार्थना

इंग्लंडच्या चर्चची उपासना ज्या ग्रंथाने घडवली, तो ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ प्रथम १५४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांची प्रेरणा होती. त्यापूर्वी लॅटिनमध्ये होणारी उपासना या ग्रंथाने सर्वसामान्यांच्या भाषेत आणली. आजही अधिकृत मानली जाणारी त्याची आवृत्ती १६६२ ची आहे.

या ग्रंथात प्रत्येक रविवारसाठी ‘कलेक्ट’ नावाची छोटी प्रार्थना नेमून दिलेली आहे. रविवारी म्हटलेली ही प्रार्थना पुढे आठवडाभर रोजच्या उपासनेत पुन्हा येते. आठवड्याचा आरंभ प्रार्थनेने करण्याची इंग्रजी रीत मुळात ही आहे. कलेक्टची बांधणी ठरलेली असते. आधी ईश्वराला संबोधन, मग त्याच्या एखाद्या गुणाचे स्मरण, त्यानंतर एकच मागणी, त्या मागणीचा हेतू आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने समाप्ती. एका दमात म्हणता येईल अशी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिली.

हा ग्रंथ सर्व ब्रिटनने मात्र स्वीकारला नाही. १६३७ मध्ये एडिनबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये नवे प्रार्थनापुस्तक लादण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दंगल उसळली. स्कॉटलंडचे राष्ट्रीय चर्च आजही प्रेस्बिटेरियन असून इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाने बांधलेले नाही. वेल्समधील चर्चचा राज्याशी असलेला संबंध १९२० मध्ये संपला, आयर्लंडमधील त्याआधीच, १८७१ मध्ये. राज्याचे अधिकृत बिशपप्रणीत चर्च आता फक्त इंग्लंडमध्ये आहे.

संसद, नगरसभा आणि रेडिओ

हाउस ऑफ कॉमन्सचे कामकाज सोमवारी दुपारी अडीच वाजता सुरू होते आणि प्रत्येक बैठकीप्रमाणे त्याचाही आरंभ ख्रिस्ती प्रार्थनेने होतो. ही प्रथा सोळाव्या शतकापासूनची मानली जाते. स्पीकरचे धर्मगुरू प्रार्थना सांगतात आणि सदस्य पाठीमागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. या वेळी प्रेक्षकांना प्रवेश नसतो आणि प्रक्षेपणही होत नाही. हजेरी ऐच्छिक आहे, पण तिचा एक व्यावहारिक लाभ असतो. सभागृहात सदस्य ६५० आणि आसने मात्र सुमारे ४२७. ‘प्रेयर कार्ड’ ठेवून प्रार्थनेला हजर राहणाऱ्याची जागा त्या दिवसापुरती राखली जाते. त्यामुळे श्रद्धा नसलेले सदस्यही महत्त्वाच्या दिवशी प्रार्थनेला येतात. स्कॉटिश संसदेने वेगळा मार्ग निवडला. तेथे आठवड्यातून एकदा ‘चिंतनाचा वेळ’ असतो आणि त्यात विविध धर्मांच्या, तसेच धर्म न मानणाऱ्या वक्त्यांनाही बोलावले जाते.

नगरसभांच्या बाबतीत प्रश्न न्यायालयात गेला. डेव्हनमधील बिडफर्ड नगरसभेच्या बैठकीतील प्रार्थनेला आव्हान मिळाले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की १९७२ च्या कायद्याने नगरसभांना औपचारिक कामकाजाचा भाग म्हणून प्रार्थना घेण्याचा अधिकार दिलेला नाही. त्यानंतर संसदेने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करून तो अधिकार दिला.

घराघरांत ही प्रार्थना रेडिओने पोहोचवली. बीबीसीची ‘डेली सर्व्हिस’ सोमवार, २ जानेवारी १९२८ रोजी सुरू झाली. बुशी या गावातील एका महिलेने त्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला होता. ही उपासना जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या नभोवाणी कार्यक्रमांपैकी एक आहे.

शाळा : बंधन आणि मुभा

इंग्लंड व वेल्समध्ये शासकीय शाळांतील दैनंदिन सामूहिक उपासना १९४४ च्या शिक्षण कायद्याने सक्तीची केली. १९८८ च्या कायद्याने त्यात भर घातली, की धार्मिक ओळख नसलेल्या शाळांतही सत्रातील बहुतांश उपासना ‘मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची’ असावी. याच तरतुदी आता १९९८ च्या कायद्यात आहेत. खाजगी शाळांना त्या लागू नाहीत. चर्चशी संलग्न शाळांत उपासना त्यांच्या परंपरेनुसार होते, आणि इंग्लंडच्या चर्चच्या अशा साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत.

पालकांसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, कोणत्याही पालकाला आपल्या मुलाला उपासनेतून पूर्णतः किंवा अंशतः वगळण्याची मागणी करता येते आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. दुसरी, सोळा वर्षांनंतरच्या ‘सिक्स्थ फॉर्म’मधील विद्यार्थी हा निर्णय स्वतः घेऊ शकतात. तिसरी, विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी पाहता ख्रिस्ती स्वरूप अनुचित वाटल्यास मुख्याध्यापक ‘सॅक्रे’ या स्थानिक सल्लागार मंडळाकडे सवलत मागू शकतात. अकॅडमी प्रकारच्या शाळांना मात्र शिक्षण खात्याकडे अर्ज करावा लागतो.

वगळण्याचा अधिकार कागदावर सोपा असला, तरी मुलासाठी सोपा असतोच असे नाही. सगळा वर्ग सभागृहात आणि एकच मूल ग्रंथालयात, ही स्थिती त्याला वेगळे पाडते. बेलफास्टच्या एका प्रकरणात नेमका हाच मुद्दा निर्णायक ठरला. प्राथमिक शाळेत शिकणारी एक मुलगी घरी खाण्यापूर्वी शाळेत शिकवलेली प्रार्थना म्हणू लागली आणि तिच्या धर्म न मानणाऱ्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधील ख्रिस्ती धर्मशिक्षण व उपासनेची ती पद्धत वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध नसल्याचे ठरवले. मुलाला वगळण्याच्या अधिकाराने पालकांवर अवाजवी भार पडतो, म्हणून तो पुरेसा उपाय नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. निर्णय उत्तर आयर्लंडपुरता आहे, पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न सर्व ब्रिटनचा आहे.

एक मराठी पूर्वसूत्र

इंग्लंडमध्ये ख्रिस्ती प्रार्थनेला सामोरे जाताना आपली बुद्धी गहाण न ठेवणारी एक मराठी स्त्री या वाटेने आधीच गेली आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या होत्या. दीक्षा घेतल्यानंतरही सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वादविवादाने भरलेला आहे. चर्चचे प्रत्येक मत केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून त्या स्वीकारणार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, भारतीयांसाठी संस्कृत का नको, असाही त्यांचा प्रश्न होता. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. दुसरीकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगाच्या वळणावर नेली. त्यांची गीते ‘उपासना संगीत’मधून मराठी मंडळ्या आजही गातात.

ब्रिटनमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ही परंपरा रविवारी आपली भाषा देते. इतर मराठी पालकांना रमाबाईंकडून घेण्यासारखे आहे ते प्रश्न विचारण्याचे धैर्य. शाळेत उपासना कोणत्या स्वरूपाची होते, कथा कोणत्या सांगितल्या जातात, बाहेर राहणाऱ्या मुलासाठी काय व्यवस्था आहे, हे मुख्याध्यापकांना विचारण्यात कोणताही अनादर नाही. अनेक शाळा दिवाळीची माहिती सांगायला पालकांना आनंदाने बोलावतात. सहभाग किंवा माघार, निर्णय कोणताही असो, तो माहितीच्या आधारे आणि मुलाशी बोलून घेतलेला असावा. सोमवारी सकाळी सभागृहात पालक नसतात, तेथे एकटे बसायचे असते ते मुलाला.