एकच माप

‘बेचाळीस साली कम्युनिस्टांनी देशाचा घात केला’ हे वाक्य पुण्यात मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? १९३९ साली महायुद्ध पेटले, तेव्हा कम्युनिस्टांच्या लेखी ते साम्राज्यवाद्यांचे भांडण होते. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला चढविला आणि काही महिन्यांतच तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरले. जुलै १९४२ मध्ये सरकारने त्यांच्या पक्षावरील बंदी उठविली. ऑगस्टात ‘चले जाव’चा ठराव झाला आणि गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कोंडण्यात आले. पुण्याचे समाजवादी एस. एम. जोशी भूमिगत झाले. कम्युनिस्ट मात्र चळवळीबाहेर राहिले.

पण हा आरोप करणाऱ्या हिंदुत्ववादी मंडळींना मला एक विचारावेसे वाटते. हिंदुमहासभेचे अध्यक्ष सावरकर यांनीही अनुयायांना चळवळीत न पडता आपापल्या जागी राहण्यास सांगितले होते. हिंदू तरुणांनी सैन्यात शिरावे, हा त्यांचा आग्रह होता. एकाला रशिया वाचवायचा होता, दुसऱ्याला हिंदूंच्या हाती शस्त्र द्यायचे होते. हेतू निराळे, म्हणून दोघांना एका दावणीला बांधू नये. परंतु एकाच्या अलिप्ततेला ‘द्रोह’ आणि दुसऱ्याच्या अलिप्ततेला ‘दूरदृष्टी’ म्हणायचे, तर तो इतिहास नव्हे, वकिली झाली.

आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. दोघांनीही तेथेच, कैदेत, देह ठेवला. माप घ्यायचेच, तर ते तेथून घ्यावे आणि सर्वांना सारखे लावावे.