देणारे आणि मागणारे : प्रस्तावना

सार्वजनिक वित्ताचे पुस्तक उघडले की नवखा वाचक तक्ते पाहूनच दचकतो. त्याने तक्ते तूर्त बाजूला ठेवावेत आणि चिंतामणराव देशमुखांच्या नोकऱ्या क्रमाने पाहाव्यात. माझ्या मते हा विषय तिथून लवकर उलगडतो.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा माणूस केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकला, अर्थशास्त्र नव्हे. (धास्तावलेल्या विद्यार्थ्यांनी याची नोंद घ्यावी.) मग आयसीएस होऊन मध्य प्रांतात जमाबंदीचे काम. १९३५च्या कायद्यानंतर केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटावा हे ठरवायला सर ओटो निमायर आले, तेव्हा मध्य प्रांताची बाजू मांडणारे निवेदन देशमुखांनी तयार केले. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री. पुढच्याच वर्षी केंद्र आणि राज्ये यांच्यातली हीच वाटणी सुचवणारा पहिला वित्त आयोग नेमला गेला. आता राज्ये मागत होती आणि तिजोरी देशमुखांकडे होती! १९५६ साली मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद घेतले. म्हणजे पुन्हा मागणाऱ्यांत.

१९५२ साली देशमुख लोकसभेवर गेले ते कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातून. कर्जत आणि खालापूर हे त्याच जिल्ह्याचे तालुके. आज मात्र हे तालुके खासदार निवडतात घाटापलीकडच्या मावळाबरोबर. निमायरपुढचा प्रश्न या दोन तालुक्यांत रोज भेटतो. कर्जतच्या एखाद्या गावात शेतघरासाठी जमीन विकली जाते. मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते, अधिभाराचा वाटा जिल्हा परिषदेला मिळतो, सिमेंट-सळईवरचा जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ग्रामपंचायतीच्या हाती उरते मुख्यतः घरपट्टी, आणि पाणी, दिवाबत्ती, कचरा हे सारे तिच्याच गळ्यात. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत निदान कारखाने आहेत, नगरपरिषदेला कर बसवायला काहीतरी आहे. डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांच्या पंचायतीने घरपट्टी बसवावी ती कोणावर? म्हणून तर वित्त आयोगाचा निधी.

हा निधी किती असावा, ठरावीक कामांना बांधील असावा की मोकळा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढील प्रकरणांत तो वाद सविस्तर येईल. तोवर वाचकाने आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि त्यात स्वतःचे उत्पन्न किती, वरून आलेले किती, एवढे दोन आकडे शोधून ठेवावेत. पहिल्या प्रकरणात ते लागणार आहेत.